कपात पुन्हा पुन्हा कचरा सापडतोय? आधी फडकं खाली ठेवा

प्लॅस्टिकचे कप बनवणाऱ्या कारखान्यात तक्रारीचा सूर दर वेळी तोच असतो. कपाच्या तळाशी काळा कण निघाला. काठाला केसासारखं काहीतरी चिकटलं होतं. पिशवी फोडली तर आतून कुबट वास आला. मग कारखान्यात धावपळ सुरू होते. लाइन थांबवतात, सगळं पुसून काढतात, ऑपरेटरला दोन शब्द ऐकवतात, पॅकिंगवर एक माणूस वाढवतात. दोन दिवस माल आरशासारखा निघतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

थर्मोफॉर्मिंगच्या, म्हणजे तापवलेल्या प्लॅस्टिकच्या शीटला मोल्डमध्ये (साच्यात) आकार देण्याच्या लाइनवर आधी उत्पादन आणि नंतर क्वालिटी, अशा दोन्ही बाजूंनी मी ही तक्रार झेलली आहे. एकदा आम्ही पुसण्याच्या फेऱ्या दिवसातून दोनच्या चार केल्या आणि कचरा कमी व्हायच्या ऐवजी वाढला. कुणाचाच विश्वास बसेना. त्याचं कारण पुढे येईलच. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो: कचरा कपावर नेमका कुठे चढतो ते कळेपर्यंत साफसफाईत काहीही फेरफार करायचा नाही. संशयित माल बाजूला काढा, तपासणी कडक करा, पण खुणा पुसू नका.

खालचं सगळं पीपी (पॉलिप्रोपिलीन), पीएस (पॉलिस्टायरीन) किंवा पीईटीच्या (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट) शीटपासून बनणाऱ्या कपांना धरून लिहिलं आहे. इंजेक्शन मोल्डिंगचे जाड कप काढत असाल तर शीटचा आणि कटिंगचा भाग सोडून द्या, बाकी बहुतेक तसंच लागू पडेल.

कण आत आहे की वर आहे?

पहिला प्रश्न हा. कपावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला. कण पट्टीबरोबर आला तर तो वर बसलेला होता. नाही आला, नखानेही हलला नाही, तर तो प्लॅस्टिकच्या आतच आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

आतल्या काळ्या कणाशी झाडू-फडक्याचा काही संबंध नाही. तो एक्स्ट्रूडरमध्ये (प्लॅस्टिक वितळवून शीट काढणाऱ्या यंत्रात) तयार होतो किंवा हॉपरमधून (दाणे ओतायच्या नरसाळ्यातून) येतो. डायच्या (शीट बाहेर पडते त्या फटीच्या) कोपऱ्यात, अडॅप्टरच्या सांध्यात किंवा स्क्रीन चेंजरच्या (गाळण्याच्या जाळ्या बदलणाऱ्या भागाच्या) मागे माल अडून राहतो, तासन्‌तास तापत राहून करपतो आणि थोडा थोडा सुटत जातो. लाइन गरम ठेवून बराच वेळ उभी केली की नंतरच्या पहिल्या काही तासांत हे कण हमखास वाढतात. इथे परजिंग करा (जुना माल ढकलून बाहेर काढा), जाळ्या बदला, थांबताना तापमान खाली आणायची सवय लावा. दुसरा मार्ग रिग्राइंडचा, म्हणजे दळून पुन्हा वापरलेल्या प्लॅस्टिकचा. त्याच्यावर नंतर सविस्तर बोलू, कारण तिथे बरीच पापं लपलेली असतात.

कण वर बसलेला असेल तर एक गोष्ट मनात पक्की करा. शीट डायमधून बाहेर येते तेव्हा ती २०० अंश सेल्सिअसच्या वर असते. एवढ्या उष्णतेतून आलेल्या पृष्ठभागावर रोजच्या जंतूंपैकी काही तग धरत नाही आणि धूळ तर नसतेच. म्हणजे वर बसलेलं जे काही आहे ते डायपासून पेटीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी चढलेलं आहे. वाट ठरलेली आहे: चिल रोल (शीट थंड करणारा रूळ), शीटचा रोल किंवा थेट चेन, हीटर, मोल्ड, कटिंग, स्टॅकर (कपांची थप्पी लावणारा भाग), काठ वळवणारं यंत्र, छपाई, मोजणी, पिशवी, पेटी. चोर याच रस्त्यावर आहे.

चिकटपट्टीची वही

एक साधी वही करा. प्रत्येक सापडलेला कण पट्टीसकट पांढऱ्या कागदावर डकवा. बाजूला लिहा: तारीख, वेळ, शिफ्ट, मशीन, कॅव्हिटी नंबर (मोल्डमधल्या कोणत्या खळग्यात कप बनला), कपात कुठे होता, आणि थप्पीत तो कप कितवा होता. कॅव्हिटी नंबर कपाच्या तळाला उमटलेला असतोच. नसेल तर पुढच्या वेळी मोल्ड उतरवाल तेव्हा कोरून घ्या. हे काम बाकी कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा जास्त उपयोगी पडतं. तीस-चाळीस नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं.

कण कशाचा आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक चुंबक, तापवलेली सुई आणि पाण्याचा ग्लास एवढं पुरतं. तापलेली सुई टेकवल्यावर वितळून गोळा झाला तर प्लॅस्टिक. न वितळता काळा पडला आणि जळक्या कागदाचा वास आला तर पेटीचा किंवा कापसाचा धागा. आक्रसला आणि तो ओळखीचा घाण वास आला तर केस. चुंबकाला चिकटला तर लोखंडाचा कीस किंवा गंज. ॲल्युमिनियम मात्र चुंबकाला दाद देत नाही, ते भिंगाखाली चमकेवरून ओळखावं लागतं.

प्लॅस्टिक असेल तर कोणतं ते पाण्यात कळतं. पीपीची घनता सुमारे ०.९०, तो तरंगतो. पीएस १.०५, तो साध्या पाण्यात बुडतो पण मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेल्या पाण्यात वर येतो. पीईटी १.३८, तो दोन्हीकडे तळ गाठतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायला विसरू नका. बारीक कण पाण्याच्या ताणामुळे उगाचच तरंगत राहतात आणि माणूस फसतो. पीपीच्या लाइनवर पीएसचा कण सापडला तर चौकशीची दिशाच बदलते: शेजारच्या मशीनचा भुगा, सामाईक ग्राइंडर, किंवा न झाडलेला हॉपर.

नोंदी काय सांगतात

कचरा एकाच कॅव्हिटीत येत असेल तर मोल्डपाशी जा. हवेची भोकं बुजली आहेत का, तळाच्या इजेक्टरभोवती (कप बाहेर ढकलणाऱ्या भागाभोवती) ग्रीस साचलं आहे का, प्लग (शीटला मोल्डमध्ये ढकलणारा ठोकळा) झिजून त्याचेच तंतू सुटताहेत का ते बघा. फेल्टचा किंवा सिंटॅक्टिक फोमचा प्लग जुना झाला की कपाच्या आतल्या तळाशी पिवळट भुकटी सोडतो, आणि ती हमखास "बाहेरची धूळ" म्हणून खपवली जाते.

एका सरळ रेषेतल्या सगळ्या कॅव्हिटीत येत असेल तर उगम मोल्डच्या आधी आहे. शीट ज्या दिशेने चालते त्याच रेषेत वर हीटरची एखादी पट्टी असेल, किंवा चिल रोलवर काहीतरी चिकटलेलं असेल. चिल रोलची एक छान खूण असते: डाग ठरावीक अंतराने येतो. रोलचा व्यास ४०० मिलिमीटर असेल तर साधारण १२५७ मिलिमीटरवर तोच डाग पुन्हा दिसेल. शीट पसरून टेपने मोजा. अंतर जुळलं की वाद मिटला.

थप्पीतला फक्त सगळ्यात वरचा किंवा सगळ्यात बाहेरचा कप घाण असेल, आतले स्वच्छ असतील, तर मशीनला दोष देऊ नका. कप एकमेकांत बसल्यानंतर घाण आली आहे, म्हणजे मोजणी, पॅकिंग किंवा साठवण. उलट थप्पीच्या मध्यातल्या कपांतही कण असतील तर स्टॅकरच्या आधी शोधा.

आणि कुठलाच नमुना नसेल, सगळ्या कॅव्हिटीत, सगळ्या वेळी, विखुरलेला कचरा असेल तर ती हवेतली धूळ आणि तिला ओढून घेणारी स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज.

स्टॅटिक: इथे थोडं थांबा

आमच्या चार वेळा पुसण्याचं रहस्य इथे आहे. प्लॅस्टिकवर कोरडं फडकं घासलं की पृष्ठभागावर हजारो व्होल्टचा भार चढतो. तो भार आजूबाजूची धूळ ओढतो. मशीनच्या ॲक्रिलिक दारावर, स्टॅकरच्या प्लॅस्टिक मार्गिकांवर आम्ही दिवसातून चारदा कोरडं फडकं फिरवत होतो आणि चारदा त्यांना धुळीचे चुंबक बनवत होतो. शिवाय फडकं सुती, म्हणजे धागे सुटणारं. वहीत निम्म्या नोंदी पांढऱ्या सुती धाग्याच्या निघाल्या तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुसरा गुन्हेगार एअर गन. शिफ्ट बदलताना मशीनवर "एअर मारून घे" म्हणण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि मला तिची मनापासून चीड आहे. हवेच्या झोताने धूळ जात नाही, ती उडते. जड कण शेजारच्या मशीनवर बसतात, बारीक कण तासभर हवेत तरंगतात आणि पुढच्या शिफ्टच्या कपांवर उतरतात. नोंदींमध्ये शिफ्टच्या पहिल्या तासात कचरा वाढलेला दिसला तर आधी एअर गनकडे बघा. तिच्या जागी व्हॅक्यूम क्लीनर वापरा, आणि तोही हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळ अडवणारा). साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत खोलीत सोडतो.

"मशीनला अर्थिंग आहे, मग स्टॅटिक कशी?" हा प्रश्न दर वेळी येतो. अर्थिंगने धातूवरचा भार जमिनीत जातो. कप हा विद्युतरोधक आहे. त्याच्यावरचा भार जिथे आहे तिथेच बसून राहतो, त्याला वाहून जायला वाटच नसते. म्हणून अर्थिंग मशीनसाठी आणि माणसाला झटका बसू नये म्हणून हवंच, पण कपावरची धूळ त्याने हटत नाही. कपावरचा भार मारायला आयन सोडणारी पट्टी, म्हणजे आयोनायझर लागतो.

आयोनायझर लावलेला आहे पण चालत नाही, ही अवस्था इतकी नेहमीची आहे की मी आधी तेच तपासतो. हिरवा दिवा लागलेला असतो, म्हणून सगळे निश्चिंत. पण सुयांच्या टोकांवर धुळीचं पांढरं बोंड चढलेलं असतं आणि आयन बाहेरच पडत नसतात. उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने मऊ ब्रशने त्या साफ करा, वीज बंद करूनच. आमच्याकडे आठवड्यातून एकदा पुरतं, ग्राइंडर जवळ असेल तर त्याआधीच लागतं. दुसरी चूक जागेची. पट्टी घर्षणाच्या आधी लावली तर तिचा उपयोग नाही. पुढे कप मार्गिकेला घासला की पुन्हा भार चढतो. शेवटच्या घर्षणानंतर आणि पिशवीच्या आधी एक पट्टी हवी. पट्टीच्या अगदी शेजारी धातूचा कंस असेल तर आयन कपाकडे जायच्या ऐवजी त्या धातूकडे पळतात. हाताचं स्टॅटिक मीटर मिळतं. पट्टीच्या आधी आणि नंतर कपावर धरून आकडा बघा. आकडा पडत नसेल तर दिव्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक: आयोनायझर धूळ काढत नाही, तो फक्त तिची पकड सोडवतो. सुटलेली धूळ खेचून घ्यायला शेजारी सक्शन हवं. ते नसेल तर सुटलेला कण दोन कप पुढे जाऊन बसतो.

हवा कोरडी असेल तर हे सगळं बिकट होतं. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की स्टॅटिक झपाट्याने वाढते. ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर फरक डोळ्यांना दिसतो. मालात अँटिस्टॅटिक मिसळून प्रश्न सुटेल असं पुरवठादार सांगतात. ते मिश्रण आतून पृष्ठभागावर यायला काही तास ते काही दिवस घेतं आणि हवेतला ओलावा धरूनच काम करतं. म्हणजे कप ताजा असताना, नेमका जेव्हा तो उघड्यावर फिरत असतो, तेव्हा त्याचा आधार फारसा नसतो. शिवाय अन्नाला लागणाऱ्या मालासाठी ते परवानगी असलेलंच हवं.

केसासारखे तंतू

कपाच्याच रंगाचा, सुईने वितळणारा, भिंगाखाली कुरळा दिसणारा तंतू म्हणजे कटिंगचा. पीपीमध्ये हा त्रास जास्त, कारण पीपी चिवट आहे. पीएस कडक असल्याने तुटतो आणि तंतूऐवजी भुकटी देतो. पंच आणि डायची धार बोथट झाली किंवा त्यांच्यातली फट वाढली की प्लॅस्टिक कापलं न जाता ओढून फाटतं आणि कडेला तंतू सुटतात. नोंदींत हे हळूहळू वाढताना दिसतं, धार लावल्यावर एकदम शून्यावर येतं, मग पुन्हा चढत जातं. असा करवतीच्या दातांसारखा आलेख दिसला की धार लावण्याचं वेळापत्रक तारखेवर न ठेवता स्ट्रोकच्या (मशीनच्या ठोक्यांच्या) संख्येवर आणा. शीट कापताना किती गरम आहे यावरही तंतू ठरतो, म्हणून मशीनचा वेग वाढवल्याच्या दिवसापासून तंतू सुरू झाले का तेही वहीत पाहा. कपाला मोल्डमध्ये थंड व्हायला वेळच दिला नाही तर नवी धारसुद्धा तंतू काढते.

हा तंतू अन्नाला लागला तर घातक असतो असं नाही. पण चहा-कॉफी पिताना तोंडात केस लागल्यासारखं वाटतं, आणि ग्राहक केस म्हणूनच तक्रार लिहितो. मग पॅकिंगवरच्या बायकांच्या टोप्या तपासल्या जातात, ज्यांचा काही दोष नसतो. सुईची चाचणी त्यांना वाचवते.

ओलावा

कुबट वास आणि पिशवीच्या आत काळे-हिरवे ठिपके असतील तर पाणी शोधा. बुरशीला खाऊ फार लागत नाही; थोडी धूळ आणि ओल मिळाली की पुरे, आणि बंद पिशवीत ओल बाहेर जात नाही.

हे पाणी कुठून येतं? बहुधा मोल्डवरच. मोल्डमधून चिलरचं १० ते १५ अंशांचं पाणी फिरत असतं. बाहेर हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २४ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक धातूवर घाम येणार. मशीन चालू असताना गरम शीटमुळे तो दिसत नाही. मशीन दहा-पंधरा मिनिटं थांबलं आणि चिलर चालूच राहिला की मोल्ड निथळायला लागतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिले कप थेंब घेऊनच निघतात. तक्रारी दमट दिवसांत आणि थांब्यानंतरच्या मालात एकवटलेल्या असतील तर हेच कारण. उपाय सोपे आहेत: थांबताना मोल्डचं पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह, दमट दिवसांत पाण्याचं तापमान थोडं वर, आणि सुरुवातीचे ठरावीक स्ट्रोक सरळ स्क्रॅपमध्ये. किती स्ट्रोक, हे एकदा कोरड्या टिश्यूने कप पुसून ठरवा आणि लिहून भिंतीवर लावा, नाहीतर रात्रपाळीत तो आकडा आपोआप कमी होतो.

दुसरं पाणी कॉम्प्रेसरचं. कप फुगवणारी हवा कपाच्या आतल्या बाजूला थेट लागते, आणि नेमकं तिथेच पुढे चहा-दही पडणार असतं. सात बारला हवा दाबली की साधारण आठ भाग हवेतली वाफ, धूळ आणि तेलाचा अंश एका भागात येतो. ड्रायरनंतरच्या नळीवर पांढरा टिश्यू धरून दोन मिनिटं हवा सोडा. ओला झाला किंवा पिवळट वर्तुळ उमटलं तर पुढचं सगळं सोडून तिकडे जा. बहुतेक वेळा स्वयंचलित ड्रेन अडकलेला असतो किंवा फिल्टरचा गाभा बदलायची मुदत केव्हाच उलटलेली असते. रेफ्रिजरेटेड ड्रायर दवबिंदू ३ अंशांच्या आसपास आणतो, तेवढं सहसा पुरतं. तेलासाठी कोअलेसिंग फिल्टर (तेलाचे बारीक थेंब एकत्र करून अडवणारा) आणि त्यानंतर सक्रिय कार्बन लागतो. दाबलेल्या हवेच्या शुद्धतेच्या आयएसओ ८५७३-१ मानकातला तेलाचा पहिला वर्ग म्हणजे घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅम, आणि टिश्यूवर डाग दिसतोय तर तुम्ही त्याच्या जवळपासही नाही.

खाली पडलेली जाळी आणि चेनचं तेल

आता रिग्राइंड. कप कापून झाल्यावर उरलेली जाळी ग्राइंडरमध्ये जाऊन परत हॉपरमध्ये येते. शीटचा मोठा वाटा असा फिरत राहतो. म्हणजे एकदा आत शिरलेली घाण निघून जात नाही, चकरा मारते. हीच ती "पुन्हा पुन्हा" येणाऱ्या तक्रारीची सगळ्यात फसवी बाजू.

शीट पकडणाऱ्या काटेरी चेनचं तेल शीटच्या कडांना लागतं. कडा कपात येत नाहीत, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण कडा जाळीत असतात, जाळी ग्राइंडरमध्ये, आणि ते तेल आठवड्याने कपाला वास होऊन भेटतं. चेनला अन्नाला चुकून लागलं तरी चालणारं, एच-१ नोंदणीचं वंगणच वापरा आणि तेही मोजून. एच-१ म्हणजे पाण्यासारखं ओता असा त्याचा अर्थ होत नाही, अपघाताने लागण्याची मर्यादा दशलक्षात १० भाग इतकीच आहे. जमिनीवर पडलेली जाळी किंवा कप या फेऱ्यात टाकू नका. वेगळ्या रंगाचा डबा ठेवा आणि तो माल दुसऱ्या कामाला द्या. वजन वाया जातंय अशी कुरकुर होईल, होऊ द्या.

ग्राइंडरची पाती बोथट झाली की दाण्याबरोबर भुकटी वाढते. ही भुकटी एक्स्ट्रूडरमध्ये दाण्याआधी वितळते, करपते आणि आतले काळे कण देते. उडाली की बाहेरचे कण देते. एका बोथट पात्याने दोन्ही तक्रारी होतात. ग्राइंडर थर्मोफॉर्मिंगच्या हॉलमध्येच उघडा असेल तर त्याला निदान भिंत आणि सक्शन द्या. हॉपरमधलं चुंबक शेवटचं कधी पुसलं होतं तेही एकदा विचारा.

हात, हातमोजे, पेट्या, माशा

जंतूंचा प्रश्न धुळीपेक्षा वेगळ्या ठिकाणी सुटतो. स्वॅब घेताना मशीनचे कोपरे घेतले जातात आणि निकाल चांगला येतो. स्वॅब पॅकिंगच्या टेबलाचा, मोजणीच्या चौकटीचा, पिशवी सील करणाऱ्याच्या हाताचा आणि हातमोज्याचा घ्या. हातमोजा घातला की माणसाला वाटतं आपण स्वच्छ आहोत. मग त्याच हाताने नाक, फोन, पेटी, दाराची मूठ आणि पुन्हा कप. धुतलेला हात तसल्या मोज्यापेक्षा बरा. कप बाहेरून, खालच्या भागाला धरायचा, आत बोट घालून थप्पी उचलायची नाही. ही एक सवय बदलली तरी निकालात फरक पडतो.

पुठ्ठ्याच्या पेट्या लाइनजवळ उघडू नका. पेटी दुमडताना तपकिरी तंतू उडतात. पेट्या बाहेरच्या खोलीत तयार करून आत आणा, लाकडी पॅलेट हॉलच्या दाराबाहेरच.

कीटकांबाबत एकच सांगतो. विजेने चटका देणारा सापळा लाइनच्या वर लावू नका. माशी फुटून तिचे तुकडे कपात पडतात, आणि ग्राहकाला माशीचा पाय सापडल्यावर तुमचं कुठलंही प्रमाणपत्र कामी येत नाही. चिकट पट्टीचा सापळा, बाहेरून प्रकाश न दिसेल अशा जागी.

मग पुसायचं कसं

वरून खाली. आधी व्हॅक्यूम, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर, मग कोरडं होऊ देणं. कपाला लागणाऱ्या भागांसाठीचं फडकं एका रंगाचं आणि मशीनच्या बाहेरच्या अंगाचं दुसऱ्या रंगाचं. संपर्काच्या भागांवर शेवटी ७० टक्के अल्कोहोल. ९९ टक्के वापरलं तर ते जंतूत शिरायच्या आत उडून जातं, पाण्याचा अंश लागतोच. हीटर गरम असताना अल्कोहोलची बाटली जवळही नेऊ नका, ते साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेतं. ॲल्युमिनियमच्या मोल्डवर क्लोरीनचं पाणी नको. धातू खातं आणि त्या खड्ड्यांत पुढच्या वेळी घाण बसते.

"वरून" म्हणताना खरंच वर बघा. आमच्याकडे एक तक्रार दर आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत यायची आणि मोल्ड बदलल्यानंतर यायची. बाकी दिवस काही नाही. वही नसती तर हे कधीच लक्षात आलं नसतं. दोन्हींत समान काय? मशीन पूर्ण थांबून पुन्हा सुरू होणं. शिडी लावून पाहिलं तर फॉर्मिंगच्या बरोबर वर केबलची ट्रे होती, तिच्यावर बोटभर राखाडी थर. मशीन सलग चालताना सुटायचं ते सुटून गेलेलं असायचं. थांब्यात नवा थर बसायचा आणि पहिल्या शंभरेक ठोक्यांच्या हादऱ्याने खाली यायचा. हाताच्या उंचीपर्यंत सगळं लखलखीत, आणि डोक्याच्या वर दोन वर्षांत कुणी गेलेलं नव्हतं. ट्रे व्हॅक्यूम केली, खाली स्टीलचा पत्रा झाकण म्हणून लावला, आणि सुट्टीनंतर सुरू करण्याआधी शिडी लावायची ओळ चेकलिस्टमध्ये घातली.

एका वेळी एकच बदल

कारण सापडलं असं वाटलं की सगळं एकदम बदलायचा मोह होतो. आयोनायझर नवा, फडकी नवी, धार लावली, फिल्टर बदलला. तक्रार थांबली तर कशाने थांबली कळत नाही, आणि सहा महिन्यांनी परत आली की पुन्हा अंधार. एक बदल करा, निदान एक पूर्ण आठवडा सगळ्या पाळ्यांत मोजा, मग पुढचा. माझा क्रम साधारण असा असतो: एअर गन बंद, मग कॉम्प्रेसरच्या हवेची टिश्यू चाचणी, मग आयोनायझरच्या सुया, मग धार, मग रिग्राइंड. पहिल्या तिघांना जवळजवळ काही खर्च नाही. अपवाद एकच: हवेत तेल किंवा पाणी सापडलं तर आठवडा वगैरे थांबायचं नाही, लाइन तिथेच उभी करायची.

मोजणी म्हणजे ठरावीक संख्येचे कप, ठरावीक प्रकाशात, ठरावीक वेळी, त्याच माणसाने बघणं. गडद कप पांढऱ्या प्रकाशात आणि पांढरे कप काळ्या कापडावर धरून. माणूस बदलला की आकडा बदलतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांबाबतही अनुभवलं आहे. दुपारच्या जेवणानंतर मला निम्मेच कण दिसायचे.

चिकटपट्टीची वही तक्रार बंद झाल्यावर टाकून देऊ नका. पुढचा कण आला की आधी तिच्यात डकवलेल्या जुन्या कणांशेजारी ठेवून भिंगाखाली बघा.